विहीणबाईंच्या रहस्यकथेच्या पुड्या

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. माझ्या विहीणबाईंनी विश्वासाने सोपवलेल्या पुस्तकाची पानं सुटी करून मी त्यांत ओवा, बाळंतशेपा, सुंठ आणि हिंग यांच्या पुड्या बांधल्या. उरलेल्या पानांचे बोळे करून स्टीलच्या डब्यांमध्ये कोंबले, प्रवासात डबे वाजू नयेत म्हणून. हे सगळं मी पूर्ण शुद्धीवर असताना, भर दुपारी, पंखा लावून आणि गाणं गुणगुणत केलं. वय वर्षं बासष्ट. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. आज ऐंशी ओलांडल्यावर त्या बाईकडे बघते तेव्हा तिला बाकावर उभं करावंसं वाटतं.

गोष्ट दोन हजार पाच सालच्या आसपासची. मुलगी आणि जावई नेदरलँड्समध्ये बेस्ट नावाच्या गावात राहत होते. आइंडहोवनला लागून असलेलं, इंजिनियर लोकांनी भरलेलं छोटं गाव. जावई तिथल्याच एका कंपनीत. मुलीचं पहिलं बाळंतपण आलं होतं आणि व्हिसा मिळायचा नव्वद दिवसांचा. त्यामुळे तिकडच्या आपल्या घरांमधून कारखान्यासारख्या पाळ्या चालायच्या. पहिले नव्वद दिवस मुलीची आई, पुढचे नव्वद दिवस मुलाची आई. मधे दोन-तीन दिवस दोघी एकत्र, म्हणजे बाळाबरोबर कुकर, गॅस, मिक्सर यांचाही ताबा रीतसर देता-घेता येतो.

माझी पाळी पहिली. निघायच्या आदल्या दिवशी विहीणबाई आल्या. कापडी पिशवीत मेतकूट, डिंकाचे लाडू आणि वर सुतळीने बांधलेलं एक पुस्तक. पुस्तकाला कव्हर नव्हतं, शिवण सुटलेली, कागद पिवळा पडून मऊ झालेला. चहा घेता घेता त्या पुस्तकाविषयी काहीतरी सांगत होत्या. माझं सगळं लक्ष वीस किलोत काय बसतंय याकडे. शिवाय विहीणबाईंना कुठलीही गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायची सवय, आणि मला त्यांचं बोलणं अर्ध्या कानाने ऐकायची. मी "हो, हो" म्हटलं आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुड्या बांधायला बसले तर घरातली वर्तमानपत्रं संपलेली. समोर ते पुस्तक. चार ओळी वाचल्या आणि ओळखलं. ही रहस्यकथा मी एकोणिसाव्या वर्षी वाचली होती. खुनी कोण ते मला ठाऊक होतं. आता ज्या रहस्यकथेतला खुनी ठाऊक आहे तिचा उपयोग तरी काय? पुडीला. इतका सरळ हिशोब.

त्या एकोणीस वर्षांच्या मुलीबद्दलही सांगायला हवं, कारण या हिशोबाचं मूळ तीच आहे. कॉलेजच्या वसतिगृहात या पुस्तकासाठी नंबर लागलेले. माझा नंबर आला तेव्हा मी आधी शेवटचं पान वाचलं, मग पहिली चाळीस पृष्ठं भराभर उलटली आणि जेवणघरात भाताच्या पंगतीला जाहीर केलं की खुनी अमुक, मला चाळिसाव्या पृष्ठावरच कळलं. शेवटचं पान आधी वाचल्याचं अर्थातच सांगितलं नाही. खोलीतली मैत्रीण आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ती जळतेय असं माझं मत झालं, आणि पुढे त्रेचाळीस वर्षं ते तसंच राहिलं.

तर बॅग वीस किलोत बसली, मी बेस्टला पोचले आणि चौथ्या दिवशी नात झाली. तिकडे बाळंतीण एका दिवसात घरी येते आणि सकाळपासून दुपारपर्यंत आठवडाभर एक नर्स घरी येते. आमच्याकडे आलेली उंच, गुलाबी गालांची आणि कमालीची टापटीप होती. बाळाची आंघोळ झाली की घर आवरायची. मी डबे काढले, पुड्या सोडून बरण्यांत भरल्या, कागद तिथेच ओट्यावर टाकले. तिने ते सगळे बोळे हाताने सपाट केले, चळत केली आणि मागच्या अंगणातल्या सायकलींच्या शेडमध्ये जुन्या कागदांच्या खोक्यात नेऊन ठेवले. जुने कागद न्यायला गाडी महिन्यातून एकदाच यायची, हे त्या वेळी मला माहीत नव्हतं. पुढे त्या एका नियमाला मी मनातल्या मनात किती नमस्कार घातले!

नात पाच दिवसांची झाली त्या संध्याकाळी जावई कामावरून आले, सायकल लावली, हात धुऊन बाळाला घेतलं आणि सहज म्हणाले, "आई, तुमच्याकडे बाबांचं पुस्तक दिलंय ना आईने?"

बाबांचं. हा शब्द माझ्या अर्ध्या कानातून त्या दिवशी नक्की गेला असणार. त्यांचे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. जावई एरवी मोजकं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बोलले. दर रविवारी जेवणानंतर बाबा हे पुस्तक मोठ्याने वाचायचे, संपलं की काही वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून. आई भाजी निवडत ऐकायची. बाबांच्या इतर वस्तूंपैकी काही नको, एवढं एक पुस्तक पाठव, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. त्यात बाबांच्या पेन्सिलच्या खुणा आहेत.

मी म्हटलं, आहे, बॅगेच्या तळाशी आहे, सावकाश काढते.

"काही घाई नाही," ते म्हणाले, "आई आली की तिच्यासमोरच उघडू."

म्हणजे माझ्याकडे ऐंशी दिवस होते. ऐंशी दिवसांत मला एका गेलेल्या माणसाचं पुस्तक त्याच्या बायकोच्या आणि मुलाच्या हातात अख्खं ठेवायचं होतं. नाहीतर या घरात आयुष्यभर खाली मान घालून चहा प्यावा लागला असता, आणि ते बरोबरच ठरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर गेल्याबरोबर मी शेडमध्ये. खोक्यात सुपरमार्केटची रंगीत जाहिरातपत्रं, आणि त्यांच्याखाली नीट रचलेली माझी पानं. मोजली. पुस्तक एकशे दहा पानांचं, म्हणजे दोनशे वीस पृष्ठांचं. हातात आली एकशे नऊ. एक पान लिंबाच्या लोणच्याच्या बाटलीला गुंडाळलेलं होतं आणि बाटली गळली होती, हे मला लख्ख आठवलं. नर्सला इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी विचारलं. तिने मला हिरव्या डब्याशी नेलं. तेलकट कागद जुन्या कागदांत चालत नाही, तो ओल्या कचऱ्यात जातो, हे तिने मला दोनदा समजावून सांगितलं. हिरवा डबा आदल्या दिवशीच रिकामा झाला होता.

तिच्यावर मला रागावता येईना. तिच्या शिस्तीने एक पान गेलं आणि तिच्याच शिस्तीने एकशे नऊ वाचली. गणिताच्या बाईला यात तक्रारीला जागा नाही.

दुपारी मुलगी बाळाला घेऊन खाली आली तर मी जेवणाच्या टेबलावर पानं पसरून त्यांवर बाळाची पावडर भुरभुरवत होते, तेल टिपलं जावं म्हणून. काही पानं हीटरवर वाळत होती. सगळ्या घराला हिंग आणि पावडर असा एकत्र वास सुटलेला. मी सांगितलं ते ऐकून ती आधी घाबरली, मग पोट धरून खुर्चीत बसली. "आई, हसवू नकोस गं, टाके तुटतील माझे." हसून झाल्यावर तिने करार सांगितला. ती आपणहून नवऱ्याला काही सांगणार नाही, पण त्याने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. म्हटलं, चालेल.

मला वाटलं होतं पानं लावायला दोन दिवस पुरतील. पण पृष्ठांचे आकडे वरच्या कोपऱ्यात छापलेले, आणि जुना कागद सगळ्यात आधी कोपऱ्यातच झडतो. तिसरा हिस्सा पानांवर आकडाच नव्हता. मग एका पानाची शेवटची ओळ वाचायची, दुसऱ्याची पहिली वाचायची, जुळतंय का बघायचं. बाळाचं अंग चोळणं, धुरी, मुलीचा शिरा, अळिवाची खीर हे सगळं आवरून दुपारी नात माझ्या खांद्यावर झोपायची आणि मी एका हाताने पानं सरकवत बसायचे. ओळी जुळवायच्या म्हणून वाचायला लागले आणि कधी नुसतीच वाचायला लागले ते कळलं नाही.

पुस्तकाचं नाव मी सांगणार नाही, पण खुनी कोण ते आत्ताच सांगून टाकते. एकोणिसाव्या वर्षी सांगितलं होतं ते वाईट हेतूने, आज सांगते ते त्याने काही बिघडत नाही म्हणून. तालुक्याच्या गावातले एक निवृत्त मामलेदार सकाळी माडीवरच्या खोलीत मेलेले सापडतात. घरात माणसं सात, मामलेदार धरून. खून केलेला असतो मामलेदारांच्या विधवा बहिणीने, आक्काने. तपास करतो एक पेन्शनीत निघालेला पोस्टमास्तर. झालं. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मते पुस्तक इथे संपलं.

पानं वाळवताना मला एका ओळीशेजारी काळा ठिपका दिसला. मोहरीचा दाणा चिकटलाय असं वाटून मी तो नखाने खरवडला. निघेना. मग पुढच्या पानावर तसाच आणखी एक. चष्मा पुसून बघितलं तर पेन्सिलचे ठिपके. बारीक, नेमके, समासात, एखाद्या वाक्यापुढे. या त्या खुणा. माझ्या व्याह्यांशी आयुष्यात माझं चार-पाच वेळाच बोलणं झालं असेल, तेही कार्यालयाचे हॉल आणि वऱ्हाडाची बस यांविषयी. त्यांना पेन्सिलने ठिपके देण्याची सवय आहे हे मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या पानाच्या मागे त्यांनी किती वेळा वाचलं याच्या उभ्या रेघा ओढलेल्या होत्या. अकरा.

पहिला ठिपका ज्या वाक्यापुढे होता ते वाक्य इतकं साधं होतं की मला त्यात काही दिसेना. सकाळची वेळ, घर अजून उठायचंय, आक्का स्वयंपाकघरात येते, चूल पेटवते, ओट्यावर सहा कप मांडते, आधण ठेवते. मग पुतण्या मामलेदारांना उठवायला माडीवर जातो आणि ओरडतो. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. व्याह्यांना यात काय दिसलं? चुलीविषयी काही आहे का? दुधाविषयी? नात खांद्यावर चुळबुळ करायला लागली, तिला थोपटत मी पुढचं पान शोधायला गेले, आणि मधेच थांबले.

सहा कप.

घरात माणसं सात होती, आणि पुतण्या अजून माडीवर गेलाच नव्हता.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खुनी कोण हे मला त्रेचाळीस वर्षं ठाऊक होतं, तरीही आला. लेखकाने खुनी दुसऱ्याच प्रकरणात, लख्ख उजेडात, ओट्यावर मांडून ठेवली होती. कुठे लपवाछपवी नाही, पडद्यामागची सावली नाही. कपच मांडून ठेवले. आणि जिने रोज सकाळी चहाचे कप मांडले आणि एकतीस वर्षं मुलींना सातातून एक वजा करायला शिकवलं तिला ते मोजता आले नाहीत. माझ्या हुशारीविषयीचं माझं मत त्या दुपारी, बेस्टच्या त्या टेबलाशी, पहिल्यांदा जरा खाली बसलं.

मग मी पिसाटासारखी ठिपके शोधत सुटले. काही लगेच कळले, काहींसाठी आठवडा लागला. लेखकाने एक शब्द वाया घालवला नव्हता. ज्या गोष्टी मी कॉलेजात नुसती भरताड म्हणून ओलांडून गेले होते त्या सगळ्या कामाला लागलेल्या. अंगणातलं वाळवण, पुतण्याचं पाय आपटत चालणं, शेजारणीची बडबड. शेजारणीच्या बडबडीत तर तीन ठिपके होते! खोटी वाट दाखवणारी वाक्यंसुद्धा खोटी नव्हती. पुतण्यावर आपला संशय जातो तो लेखकाने नेला म्हणून जात नाही, आपण घाईत असतो म्हणून जातो. पहिल्या वाचनात आपण कोण, कोण, कोण एवढंच विचारत पळतो. खुनी एकदा ठाऊक झाला की पळायचं कारणच संपतं, आणि मग घर दिसायला लागतं. त्या घरात आक्का बावीस वर्षं राबते आणि तिच्याशी कामाची हाक मारण्यापलीकडे कुणी एकदाही बोलत नाही, हे मला तिसऱ्या वाचनाला दिसलं. पहिल्या वाचनात मीही तिच्याशी तसंच वागले होते. ती दिसली की चहा येणार एवढंच मला कळायचं.

तिसऱ्या वाचनात आणखी एक गोष्ट झाली, आणि तिने मला अक्षरशः गप्प केलं. मुलगीसुद्धा विचारायला लागली, आई, बरं नाही का तुला?

पोस्टमास्तर पहिल्यांदा त्या घरी येतो तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पाणी मागतो. ओट्यावर सकाळचे कप तसेच पडलेले असतात, साय धरलेले. तो पाणी पितो, भांडं खाली ठेवतो आणि चहा नको म्हणतो. इथे व्याह्यांचा ठिपका होता, पण जरा वेगळा, दोनदा गिरवलेला. म्हणजे त्यांनाही तो उशिराच कळला असणार. पोस्टमास्तर मोजतो. एकतिसाव्या पृष्ठावर त्याला सगळं कळलेलं असतं. मग पुढची जवळजवळ एकशे नव्वद पृष्ठं तो करतो काय? इतक्या वर्षांची माझी समजूत अशी की शोध घेतो. तो शोध घेतच नाही. पुतण्याला पोलिसांनी नेऊ नये एवढी काळजी घेतो, आणि रोज संध्याकाळी येऊन आक्काजवळ बसतो. तुळशीबद्दल बोलतो, टपालाबद्दल बोलतो. तिने आपणहून सांगावं म्हणून थांबतो. अख्खं पुस्तक म्हणजे एका माणसाचं दुसऱ्यासाठी थांबणं आहे. आणि लेखकाने हे एका शब्दाने कुठे म्हटलेलं नाही. ज्याला परत यायची इच्छा असेल त्याच्यासाठी ठेवून दिलंय, जसं एखादी गृहिणी उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवते.

माणसाने बसून, कागदावर, शाईने इतकं अचूक काही बांधलं असेल यावर माझा विश्वास बसेना. देवळात गेल्यावर कधी जे झालं नाही ते मला हिंगाचा वास मारणाऱ्या त्या पानांपुढे झालं. हात जोडावेसे वाटले, पण खांद्यावर नात होती.

आणि नेमकं हरवलेलं पान तिथलंच होतं. पोस्टमास्तर आणि आक्का तुळशीपाशी बसलेत, संध्याकाळ होतेय, आधीचं पान संपतं ते पोस्टमास्तर चष्मा काढून काहीतरी बोलू लागतो तिथे. नंतरचं पान सुरू होतं तेव्हा आक्काचं सगळं सांगून झालेलं आहे आणि ती उठून तुळशीला पाणी घालतेय. तो काय बोलला ते गेलं हिरव्या डब्यात, लिंबाच्या खारासकट. व्याह्यांचे त्या पानावर किती ठिपके होते कुणास ठाऊक.

दुसरी प्रत मिळवायचा प्रयत्न केला. पुण्यातल्या शेजारणीला दुकानं पालथी घालायला लावली. पुस्तक कधीच छापायचं बंद झालेलं. मुलीच्या ओळखीचा एक मराठी मुलगा युट्रेख्टला संशोधन करत होता, त्याच्याकडे दोन फळ्या भरून मराठी पुस्तकं होती. आम्ही बाबागाडी आगगाडीत घालून त्याच्याकडे जाऊन आलो. त्याने प्रेमाने पोहे खिलवले. पुस्तक नव्हतं.

येताना गाडीत मला सुचलं. बाहेर सपाट हिरवं, कालवे, गाई. मी मनात पुस्तक पहिल्यापासून चालवत होते, आणि लक्षात आलं की ते पान मला जवळजवळ दिसतंय. त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या वाचनातलं आठवत होतं असं नाही, तेव्हा मी ते वाचलंच नव्हतं. आजूबाजूच्या पानांमुळे दिसत होतं. विणलेल्या स्वेटरचा एक टाका सुटला तर तो कुठून कसा गेला असेल ते शेजारच्या टाक्यांवरून कळतं, तसं. पोस्टमास्तर अख्ख्या पुस्तकात खुनाबद्दल एक प्रश्न विचारत नाही, म्हणजे इथेही विचारणार नाही. तो नेहमी स्वतःच्या एखाद्या चुकीपासून सुरुवात करतो. आणि पुढे एके ठिकाणी, अगदी जाता जाता, येतं की आक्काने त्या दिवसापासून चहा सोडलाय. हे पोस्टमास्तरला कधी कळलं? कुठल्याच पानावर नाही. म्हणजे हरवलेल्या पानावर. वीण सैल असती तर मला काही करता आलं नसतं. ढिसाळ पुस्तकातलं एक पान गेलं तर तिथे काहीही असू शकतं. इथे एकच काहीतरी असू शकत होतं.

घरी येऊन चौथ्यांदा वाचलं. मग मुलीच्या रेघी वहीतला कागद घेऊन, त्याच मापाचा कापून, निळ्या बॉलपेनने ते पान लिहिलं. सात वेळा खोडलं. माझ्या पानात पोस्टमास्तर एका न पोचवलेल्या पत्राची गोष्ट सांगतो, आणि मग एवढंच विचारतो की आक्का, त्या सकाळी तुम्ही स्वतः चहा घेतलात का? ती रडते आणि बोलायला लागते. लिहून झाल्यावर मी दाभणाने पुस्तक शिवलं, वर खाकी कव्हर घातलं.

विहीणबाई शुक्रवारी आल्या. माझं विमान सोमवारी. आल्याबरोबर नातीला घेऊन बसल्या, मग पुस्तक मागितलं. कव्हरावरून हात फिरवला, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, हिंगाचा वास येतोय. मी म्हटलं, बॅगेत मसाले होते. यातला शब्दन्‌शब्द खरा होता. मुलीने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

रविवारी जेवणं झाल्यावर विहीणबाई चाळणीत घेवड्याच्या शेंगा घेऊन सोफ्यावर बसल्या आणि लेकाला म्हणाल्या, वाच. कुठून वाचू, त्यांनी विचारलं. दोनशे वीस पृष्ठांमधून त्या माउलीला काय हवं असावं? "ते तुळशीपाशी बसतात ना, तिथून. ते ह्यांचं आवडतं होतं."

मी आत जाऊन चहा ठेवावा असा विचार केला. पण तिथेच बसून राहिले. जावई छान वाचतात हे मला त्या दिवशी कळलं, संथ, आवाज न चढवता. ते पान उलटलं आणि त्यांना निळं अक्षर दिसलं. एक क्षण थांबले. माझ्याकडे बघितलं. मग त्याच आवाजात पुढे वाचत गेले, जसं काही ते छापलेलंच आहे. विहीणबाईंचे शेंगांच्या शिरा काढणारे हात थांबले. पान संपलं, छापील पुन्हा सुरू झालं, आक्का उठली, तुळशीला पाणी घालून झालं, प्रकरण संपलं. जावयांनी पुढचं पान उलटलं नाही.

आता कुणाची वाट बघायची? मी सांगायला लागले. पुड्या, बोळे, डबे, हिरवा डबा, पावडर, सगळं. बॅगेच्या तळाशी आहे असं मी म्हणाले होते तेही. माझ्यासाठी हे पुस्तक म्हणजे रद्दी होती आणि आता तसं नाही, हेही सांगितलं. जावयांची मी माफी मागितली तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं, पण पानात बोट तसंच ठेवलं. विहीणबाईंनी चाळणी खाली ठेवली, हात पदराला पुसले, पुस्तक त्यांच्याकडून घेतलं आणि चष्मा लावून माझं पान स्वतः वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, ओठ हलवत. इतका वेळ लागला की नात उठली, रडली आणि दूध पिऊन परत झोपली.

कितीदा वाचलंत, त्यांनी विचारलं. चार वेळा, मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि शेंगांची चाळणी पुन्हा पुढे ओढली.

"ह्यांनी अकरा वेळा वाचलं होतं, विहीणबाई. मूळ पान मला तोंडपाठ आहे, आणि तुम्ही एक जागा सोडून सगळं बरोबर लिहिलंत. कुठली जागा ते काही मी सांगणार नाही. विमान उद्या आहे तुमचं, बाळ झोपलंय, वाचा अजून एकदा."